दिवसा अंधार पडेल असा रंग

३ नोव्हें., सोमवार
मुन्ना पेंटर शेडकार्ड ठेवून गेला. गडद राखाडीचं पूर्ण पान, सगळे चौकोन एकमेकांचे भाऊ. खाली लांबलचक इंग्रजी नावं. मी त्यातले तीन निवडले आणि शाळेतल्या पोरांना ठेवावीत तशी नावं ठेवली : पाटी, हत्ती, तवा.

हे मालगाडीवर गार्ड. ड्यूटी बहुतेक रात्रीची, झोप दिवसा. आमची निजायची खोली पूर्वेची आणि पांढरी. पडदा लावला तरी लख्ख. जुलैत लेक पिंकी नागपूरला होस्टेलवर गेली. तेव्हापासून ड्यूटी उतरली की हे आमला जंक्शनलाच राहतात, साथीदारांसोबत घेतलेल्या खोलीवर. घरी येतात, कपडे बदलतात, जेवतात, दार ओढून तासभर पडतात, जातात. विचारलं तर एकच, "घरी लय उजेड येते."
ठीक. उजेडाचा बंदोबस्त करू.

५ नोव्हें., बुध.
इथे पांढुर्ण्यात हत्ती मिळाला नाही, मुन्नाने सौसरहून आणला. तिन्ही पट्टे भिंतीवर मारले. हत्ती चक्क निळा! कार्ड धरून पाहिलं, कुठेच मेळ नाही. फैलावर घेतल्यावर पठ्ठ्या कबूल झाला. डब्यात नीळ टाकली होती, चुन्यात टाकतात तशी.
"म्याडम, निस्ता राखेचा रंग मेल्यावानी दिसते. म्हणून थोडीशी टाकली, चमक येते."
त्याचा बाप टाकायचा म्हणून हाही प्रत्येक डब्यात टाकतो. चांगली झाडली आणि पट्टा परत मारायला लावला. तो गेल्यावर एकटीच हसत सुटले. रात्री जेवताना कोणाला तरी सांगावं असा किस्सा. सांगायला कोणी नाही, म्हणून इथे.

शेजारच्या वानखेडे काकू डोकावल्या. दिवाळी झाल्यावर कोणी रंग देतं का, आणि तोही राखोंडीचा, लोक निजायच्या खोलीत गुलाबी लावतात वगैरे. डॉक्टरने सांगितलंय म्हणून ठोकून दिलं.

८ नोव्हें., शनि.
सावरगावची माझी शाळा लवकर सुटली. पूल ओलांडून थेट घरी. खिडकी बंद, दार बंद, आणि तिन्ही पट्ट्यांसमोर बसले.
तवा : काळाच. उगीच राखाडी म्हणायचं.
पाटी : दिवसा सुरेख, ट्यूबलाइट लावली की हिरवट, आजारी.
हत्ती : उजेड गिळतो, पण भिंत अंगावर येत नाही. हाच.
मग पलंगावर यांच्या जागेवर निजून पाहिलं, यांना कसं दिसेल ते. डोळा लागला. जागी झाले तर संध्याकाळ. क्षणभर वाटलं, कोणी हाक मारली. कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं. दुसऱ्या शब्दांत लिहून उपयोग नाही.

९ नोव्हें., रवि.
दु. यांना व्हिडिओ कॉल, पट्टे दाखवायला. नुकतेच उठलेले. तोंड सुजलेलं, गाढ झोप झाली की होतं तसं. आणि मागे खिडकी. ना पडदा, ना कागद चिकटवलेला. उशीवर ऊन पडलेलं.
मला पट्टे दाखवायचं सुचेना. कोणता लावू विचारलं. "तुले आवडन तो लाव." फोन बंद.
भर उन्हात निजतात. आणि इथेही लग्नापासून याच पांढऱ्या खोलीत निजायचेच की. हे मला आधी का नाही सुचलं? नको ते डोक्यात येऊन गेलं. पण मागे दोन साथीदार बनियनवर बसून पोहे खात होते, बाईमाणसाचं तिथे काय काम. मग काय? मीच नको झाले?

११ नोव्हें., मंगळ.
काम रद्द करायचं ठरवलं होतं. पण मुन्ना सकाळीच डबे घेऊन दारात, आणि मला त्याला परत पाठवायचं कारण सांगता येईना. तीन भिंतींना पहिला हात झाला. पिंकीला फोटो टाकला. "मम्मी, एकदम हॉटेल!" तिला काही बोलले नाही.

१३ नोव्हें., गुरु.
सं. यांना फोन केला आणि सरळ विचारलं, उजेड हे कारण नाही ना? मागे इंजिनाचा भोंगा. मग बोलले. एवढं सलग बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं.
"पिंकी होती तं घरात गलबला राहे. टीव्ही, गाणे, तुमची भांडणं. मले त्याच्यात झोप लागे. आता तू पाय बी वाजू देत नाहीस. आजारी माणसाचं घर करून ठेवलं. मी आत डोळे मिटून पडून राहतो, अन् तू बाहेर श्वास धरून बसली राहते. मले नाही लागत झोप तिथं, सुनंदा."
मग सांगायचं होतं, म्हटलं.
"तू एवढं करून राहिली माह्यासाठी. कसं सांगू?"

खूप रडले. मग राग आला. जुलैपासून काय काय केलं : बेलची तार काढली, दूधवाल्याला हाक मारू नको म्हटलं, रेडिओ उचलून कपाटात ठेवला. कोणासाठी? मला काय मुकं राहायची हौस होती? मी यांच्या झोपेला जपत होते, हे माझ्या जपण्याला जपत होते, आणि महिने गेले. दोघंही शहाणे.

१५ नोव्हें., शनि.
मुन्ना विचारतो, चौथी भिंत करायची की राहू द्यायची. म्हटलं कर, आणि सगळीकडे दुसरा हातही मार. आता यांच्यासाठी नाही. हत्ती मला आवडला म्हणून.

१७ नोव्हें., सोम.
सकाळी हे न सांगता आले. खोलीत उभे राहिले, भिंतीला हात लावून पाहिला. "थंड वाटते," म्हणाले. चांगलं की वाईट, कळलं नाही. चहा झाला. दार ओढून पडले. मी शाळेत रजा टाकली.
झोपले की नुसते पडून आहेत, ठाऊक नाही. एरवी मी दार किलकिलं करून पाहते. आज नाही पाहिलं.
हे घरी असले की मी दिवसा कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवते. आज लावला. शिटी दोनदा हातात घेऊन खाली ठेवली, मग बसवली. गॅस मोठा केला.
ओट्यापाशी बसून लिहिते आहे. वाफ धरली आहे. पहिली शिटी अजून व्हायची आहे.