डेपो, अठ्ठावन्न दिवस आणि घरभेदी आफताब

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
विमान दुरुस्ती डेपोचं काम आपल्या कंपनीला मिळालं. तिथे आलेलं लढाऊ विमान सरासरी नव्वद दिवस अडकून पडतं. मी कॉम्प्युटरवर अख्ख्या डेपोचं मॉडेल उभं करून ते साठवर आणणार. जमलं की पुढचं तीन वर्षांचं काम आणि प्रोजेक्ट हेडची खुर्ची माझी. आमच्या डायरेक्टर श्यामला मॅडमनी शब्द दिलाय. म्हणजे, ‘बघू’ म्हणाल्या.

११ फेब्रुवारी
संकल्प: दर आठवड्याला डेपोच्या हँगरमध्ये जायचं.

१३ फेब्रुवारी
हँगर रद्द. फार लांब पडतं. शिवाय डेपोची रजिस्टरं इथे कोथरूडच्या ऑफिसात स्कॅन होऊन आलीत. ज्युनिअर आफताबला पाठवलं. शिकेल. मी पहिल्यापासूनच उदार.

४ मार्च
आफताबच्या तोंडी सारखे दत्तोबा. दत्तोबा म्हणजे हँगरचे जुने फोरमन, लोणी काळभोरचे. त्यांचं म्हणणं, पार्ट स्टोअरला नसला की शेजारच्या विमानाचा काढून बसवतात. नवा आला की त्या शेजाऱ्याला. काम दोनदा, रजिस्टरात एकदाच. आफताबने हे परस्पर मॉडेलमध्ये घातलं. मी काढून टाकलं. चहाच्या गप्पांना डेटा म्हणत नाहीत.

२० मार्च, रात्री ८
आठ मेकॅनिक वाढवले की मॉडेल अठ्ठावन्न दिवस दाखवतं! पूर्णिमाला लॅपटॉप दाखवला. यात विमान कुठलं, म्हणाली. हिरवे चौकोन दाखवले. ती कुकर बंद करायला उठली ती परत आलीच नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली.

२ एप्रिल
घात झाला. प्रेझेंटेशनमध्ये डेपोचे विंग कमांडर म्हणाले, आधी मागचं वर्ष चालवून दाखवा. मॉडेल म्हणालं, चौसष्ट दिवस. प्रत्यक्षात नव्वद. मग त्यांनी विचारलं, पार्टची काढघाल यात कुठे आहे? आफताब बुटांकडे बघत बसला. मला नाइलाजाने सांगावं लागलं, की आफताबचं निरीक्षण अपुरं पडलं. ऐन वेळी तोंड शिवून बसणारी माणसं.

९ एप्रिल
दत्तोबांनी विंग कमांडरांना सांगितलं म्हणे, की हे पोरगं आठ आठवडे येऊन सगळं लिहून नेत होतं. डेपोने आफताबचं मॉडेल मागवलं; काढघालीसकटची प्रत त्याने जपून ठेवली होती. त्यात मागचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवस आलं. तीन वर्षांचं काम मिळालं. प्रोजेक्ट हेड: आफताब. अस्तनीतला निखारा! जेवलो नाही.

१५ एप्रिल
श्यामला मॅडमकडे तक्रार केली. ऐकून घेतली. मग म्हणाल्या, डेपोला तुम्ही नकोच होतात. मॉडेलचा पाया सरांचा आहे, ते हवेतच, असा हट्ट आफताबने धरला. वर विचारलं, आणखी काही?


२१ एप्रिल
हँगर. काम: पार्ट कधी निघाला, कधी बसला, ते उभं राहून लिहायचं. विमान पहिल्यांदाच जवळून पाहिलं. आफताब अजून सरच म्हणतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी खोटं बोललो, हे त्याला माहीत आहे. मलाही होतंच.
दत्तोबांनी त्याला विचारलं, हे साहेब नवीन हाय का. तो म्हणाला, नाही, सर सुरुवातीपासून आहेत.
मी म्हटलं, नाही हो, आजच आलोय.