काकांची अठरा फुटी कमान

कोन, पनवेल
१२ नोव्हेंबर २०२४

चि. परेश यास काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा ट्रेलर काल दुपारपासून माझ्या दारात उभा आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. फोन केला की तू 'नंतर बोलतो काकू' म्हणून ठेवतोस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. अंगठ्याने ट्रेलर हलत नाही.

ट्रेलरवर घराएवढं लोखंडी पिंप आडवं बांधलं आहे. ड्रायव्हर शिवा सांगतो की ते मस्कतच्या कारखान्यात जायचं आहे; कंटेनरात मावत नाही, म्हणून बंदरात क्रेनने उचलून तसंच जहाजाच्या पोटात उतरवतात. हायवेच्या पुलाखालून ते जाईना, म्हणून गावातून वळवलं आणि तुझ्या काकांच्या कमानीपाशी अडलं. रस्त्यापासून पिंपाचा माथा सतरा फूट. तू केलेल्या वाटेच्या सर्व्हेत कमान अठरा फूट. शिवाने माझ्यासमोर टेप लावली, साडेसोळा भरली.

तू मोजली होतीस का, एवढंच कळव. लिहून कळव, बोललेलं तू फिरवतोस. दूधवाला, शाळेची बस आणि कमलाकर भाऊजींची नवी गाडी पिंपामागे अडकली आहेत. पैकी पहिल्या दोघांची मला काळजी वाटते.

वेळेवर जेवत जा. शिवा हे पत्र घेऊन येतो आहे, त्यालाही जेवायला घाल.

तुझी काकू,
रंभा


उरण, बंदरावरून
१२ नोव्हेंबर

ती. काकूस परेशचा साष्टांग नमस्कार.

नाही मोजली. काकांनी उद्घाटनाला माईकवर सांगितलं होतं की अठरा फुटांची कमान आख्ख्या तालुक्यात नाय. तेव्हापासून गावात कोणालाही विचार, अठराच सांगतात. सर्व्हेला आलो तेव्हा वाटेतले सगळे पूल आणि विजेच्या तारा मोजल्या. कमानीखाली टेप काढली, तर कमलाकरकाका ओट्यावरून म्हणाले, दादाचा शब्द मोजतस काय रं? टेप खिशात घातली.

जहाज परवा सुटतं. हे पिंप चुकलं तर पुढचं जहाज महिन्याने, आणि मी त्याआधीच घरी. ट्रेलर खाली बसेल तेवढा बसवून झाला आहे. साहेब म्हणतात, कमान उतरवू आणि परत उभी करून देऊ. कमलाकरकाकांना फोन केला, तर ते म्हणाले की कमान अठराच हाय, पिंप उन्हान फुगलं असंल. पण खांब तुझ्या जागेत आहेत. परवानगी तूच देऊ शकतेस.

आणखी एक मागतो, रागावू नकोस. माझ्या सर्व्हेनंतर गावाने डांबर टाकून रस्ता उंच केला, असं लिहून दे. मग चूक कोणाचीच नाही आणि नोकरी राहते. समीक्षाला सातवा लागला आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

पायावर डोकं ठेवून,
परेश


कोन
१३ नोव्हेंबर

चि. परेश यास आशीर्वाद.

कमान उतरवा. कापू नका, नटबोल्ट काढा. ज्याने बसवली तो वेल्डर कामोठ्यात राहतो, त्याला निरोप गेला आहे. भाऊजी खांबाला टेकून उभे आहेत. त्यांना मी चहाला आत बोलावणार आहे. चहाला ते नाही म्हणत नाहीत.

डांबराचं पत्र मिळणार नाही. या रस्त्यावर तीन वर्षांत डांबराचा थेंब पडलेला नाही. त्याच रस्त्यावर दोन दिवस हाडं खिळखिळी झालेला शिवा साहेबांसमोर हसेल. शिवाय शाळेत मी आयुष्यभर मुलांना नापास केलं ते खोटं लिहिलं म्हणून, चुकलं म्हणून नव्हे.

तुझ्या काकांनी जन्मात एकच भाषण केलं. त्यात आकडा एकच होता आणि तोही दीड फूट जास्त. मी पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. मलाही ती अठराच दिसत होती.

साहेबांसाठी सोबत वेगळं पत्र आहे. त्यात लिहिलं आहे की पुतण्याने मोजलं नाही, कारण आमच्या घरात वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आकडा मोजत नाहीत. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा, पण कारण हेच लिहा. हे पत्र द्यायचं की फाडायचं, ते तू ठरव. समीक्षाला मात्र आजच सांग. तिला बाहेरून कळलं तर मी तुझ्या बाजूने नसेन.

लोभ आहेच, तो असा कागदावर मागावा लागत नाही.

रंभा


उरण
१६ नोव्हेंबर

ती. काकूस साष्टांग नमस्कार.

पत्र दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, या बाई नोकरी करतील का? मला ठेवलं आहे, पण सर्व्हे माझ्याकडून काढला. आता दुसरा मोजतो, मी टेपचं दुसरं टोक धरतो. समीक्षा म्हणाली, एवढं तरी धर नीट.

पिंप चौदाला जहाजात उतरलं. अशी आणखी पिंपं याच वाटेने जाणार आहेत, म्हणून कंपनी कमानीला नवे, उंच खांब देते आहे. इथे आणून ठेवलेली कमान आणि नवे खांब शिवा घेऊन येतो. पाहून घे आणि पोच दे.

तुझा,
परेश


पोच

कोन, १७ नोव्हेंबर २०२४. शिवा ड्रायव्हर यांच्याकडून मिळाले: कमानीचा वरचा लोखंडी भाग एक; 'कै. तुळशीराम भोपी' ही, ते गेल्यावर कमानीला लावलेली पाटी एक, डावा कोपरा खरचटलेला. जुने खांब दोन. नटबोल्टची पिशवी एक. नवे खांब दोन. नवे खांब गाडल्यावर कमान जमिनीपासून अठरा फूट भरेल. कमलाकर भाऊजींना टेपचं एक टोक धरायला लावून मोजून घेतलं.

रंभा तुळशीराम भोपी