लळिंग, एक शब्द न बोलता

चि. सारिका,

"पंधरा हजार फुटांवर हवा विरळ असते, आबा. चढताना भाषण करणारा माणूस आधी आजारी पडतो. लळिंगचा किल्ला एक शब्द न बोलता चढा, मग हिमालयात माझ्या तुकडीत घेते." फोनवर असं बजावून तू माझ्या माईकवाल्या भटूला साक्षीदार नेमलंस.

पहिल्या रविवारी अर्ध्या वाटेवर काही पोरं तटबंदीवर नावं कोरताना दिसली. अशा वेळी गप्प बसणं मी पाप समजतो. असा बोललो, की पोरांनी हातातले दगड टाकले आणि टाळ्या वाजवल्या.

भटू म्हणाला, "भाऊ, बोली ग्यात तुम्ही. चला, आते परत खाले."

टाळ्या मिळून नापास झालेला मी पहिलाच असेन.

काल मात्र जमलं. मी गप्प, म्हणून भटू वाटभर बोलत राहिला, आपल्या नातीबद्दल. तीस वर्षं तो माझ्या सभांना माईक लावतोय. त्याला नात आहे, हे मला काल कळलं.

तेव्हापासून तुझ्याबद्दल कुतूहल वाटतंय. डोंगरावरून आलीस की जेवताना मीच बोलत असतो, तू नुसती हसतेस. काय बघून येतेस गं? बर्फाला वास असतो का?

हे पाठवलं तर म्हणशील, आबांनी भाषण लिहून धाडलं. म्हणून हे पत्र सॅकमध्ये, बिबड्या-पापडांच्या डब्याखाली ठेवतो. वर पोचल्यावर 'काय बघतेस गं इथे?' एवढंच विचारीन, आणि तुझं सांगून होईपर्यंत मध्ये बोलणार नाही.

धुळ्याहून,
तुझा आबा