पट्टा आणि दोरी

४ जानेवारी

पट्ट्यावर वाळत घातलेले कपडे आज मीच काढले. मुलाने हौसेने आणलेलं धावायचं यंत्र. तो परगावी नोकरीला गेल्यापासून त्यावर फक्त टॉवेल धावतात. सूनबाई म्हणाली, "कपडे कुठे घालू मग, बाबा? तुमच्या डोक्यावर?" म्हटलं, घाल. पण पट्टा मला हवा.

कारण भिंगरी. माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. जन्मापासून दिसत नाही तिला. शाळांच्या शर्यतीत नाव दिलंय. खेळाच्या बाई म्हणाल्या, दोरीचं दुसरं टोक धरून धावणारं घरचं डोळस माणूस आणा, नाहीतर नाव काढावं लागेल. सूनबाई सकाळीच लाँड्रीत कामाला जाते, शिवाय जिना चढला तरी तिला धाप लागते. राहिलो मी. सहासष्ट वर्षांचा. छातीत आत्ताच धडधडतंय, आणि अजून धावलोही नाही.

६ जानेवारी

बाईंनी ठरवून दिलं — एक दिवस पट्टा, एक दिवस रस्ता. नुसता रस्ता गुडघ्यांना झेपणार नाही, आणि नुसत्या पट्ट्याने रस्त्याची सवय होणार नाही. पट्टा थोडा चढता ठेवायचा.

पट्टा आपणहून मागे पळतो. आपण वेळेवर पाय उचलायचे. नाही उचलले तर? दांडी घट्ट धरून होतो. सूनबाई दारातून बघत होती. हसली नाही, उपकार झाले.

७ जानेवारी

रस्ता म्हणजे वेगळंच प्रकरण. समोरून वारा, वळणं, कुत्री. पट्ट्यावर ज्या वेगाने गुणगुणत होतो त्याच वेगाने इथे जीभ बाहेर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परतलो. पिंढऱ्यांचे दगड झालेत. पण परतलो.

११ जानेवारी

पहिल्यांदा दोरी धरली. भिंगरी माझ्या डाव्या बाजूला. पळते जोरात कार्टी. वळणावर मी वळलो, ती सरळ गेली, दोरीला हिसका बसला.

"आजोबा, तुम्ही मुक्याने धावता. सांगत जा ना."

धाप लागलेली असताना सांगू कसं? पण सांगणं हेच तर काम आहे. सगळी नोकरी लिफ्टमध्ये उभं राहून काढली. तिसरा मजला, पाय सांभाळा. तेव्हा धावावं लागत नव्हतं, एवढंच.

१२ जानेवारी

पट्ट्यावर बोलायचा सराव. समोर भिंत. तिलाच सांगतो — खड्डा. चढ. उजवीकडे वळ. सपाट.

सूनबाई: "वळली का हो भिंत?"

१९ जानेवारी

जमतंय. बोललो तरी श्वास तुटत नाही. पट्ट्यावर दम येतो, रस्त्यावर पाय शहाणे होतात. दोन्ही हवेत. आज दोरी सबंध वेळ सैल होती. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तळमजला आला की सांगा."

२३ जानेवारी

घात झाला. रस्त्याच्या कडेला हातगाडी उभी होती. मी "सपाट" म्हणालो आणि पोरीचं कोपर गाडीच्या कडेवर सोलवटलं. रडली नाही. सूनबाईने औषध लावलं, बाटली मी धरली. 

दम कमी पडतोय, म्हणून ध्यान सुटतंय. दुसरं काय? पट्ट्यावरचा वेळ वाढवायचा. वेगही.

२४ जानेवारी

वेग वाढवला. एक शब्द अडखळला नाही. मग काल चुकलं कुठे?

२६ जानेवारी

आज दिव्याचा खांब. पोरीने हात आधीच आत घेतला होता म्हणून वाचली. तिथेच थांबली.

"आजोबा, रागावू नका हं. तुम्ही समोरचं सांगता. उजवीकडचं सांगता. डावीकडचं एकदाही नाही."

म्हटलं, डावीकडे काही नसेल तर काय सांगू?

"असतं. मला लागतं ना."

घरी आल्यावर आरशासमोर उजवा डोळा झाकला. आरसा पुसला. पुन्हा झाकला. आरसा स्वच्छच होता.

२७ जानेवारी

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय. गेलेलं परत येत नाही. उजवा थेंबांनी राखता येईल. डॉक्टरांना विचारलं, मला कळलं कसं नाही? म्हणाले, दुखत नाही, आणि उजवा डोळा सांभाळून घेत राहतो. पट्ट्यावर तर काय, समोर भिंत. तिथे डावीकडून कोण येणार?

मी सांगितलं तर पोरीचं नाव जाणार. डॉक्टरांशिवाय कुणाला माहीत नाही. शर्यतीला तीन आठवडे आहेत. ती एकदा धावू दे, मग सांगू — असं मनात आलं. दुपारभर तेच घोळवत बसलो. मग तिच्या कोपरावरची खपली दिसली.

सांगायचं. उद्याच.

२८ जानेवारी

सांगितलं. दोरी सूनबाईपुढे ठेवली. भिंगरी खाली मान घालून बसली होती.

सूनबाई म्हणाली, "मला धाप लागते हो बाबा."

"मलाही लागायची."

"आणि पडले तर?"

"आधी पट्ट्यावर दांडी धरून धाव. मी शेजारी उभा राहतो. उजव्या बाजूला नको, डाव्या बाजूला उभा राहतो, म्हणजे तू मला दिसशील."

तिने दोरी उचलली. मग म्हणाली, लाँड्रीत पाळी बदलून मिळते का विचारते.

४ फेब्रुवारी

पाळी मिळाली. बाईंनी भिंगरीच्या नावापुढे तिच्या आईचं नाव लिहून घेतलं. शर्यत त्या दोघी धावणार.

आज तिघं रस्त्यावर गेलो. सूनबाई मधे. तिच्या डाव्या हातात भिंगरीची दोरी. उजव्या हातात माझी.