दुखत नव्हतं तेव्हा

माय, आज लातुरात क्लासवर मुलांना तुझा हात शिकवला. तुझं नाव घेतलं नाही, किल्लारीकडची एक बाई म्हणाले. विषय एन्डॉर्फिनचा होता. जबर इजा झाली, जीव धोक्यात आला, की मेंदू स्वतःच अफूसारखं एक द्रव्य सोडतो. ते मज्जातंतूंवर जाऊन बसतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचू देत नाही. मनालाही धीर येतो, मोडक्या हाडानिशी माणूस हसतो. पण हा अंमल थोडाच वेळ टिकतो. मुलं मान खाली घालून लिहीत होती.

भूकंपानंतर त्या सकाळी तू मला दगडामातीतून उकरून काढलंस. माझा पाय ठेचला होता, मी ओरडत होते आणि तू चक्क हसत होतीस. मग जीपमधून डॉक्टर आले. माझा पाय बांधता बांधता त्यांनी तुझ्या वाकड्या दिसणाऱ्या मनगटाकडे बोट केलं. "मला काय धाड भरलीय? जरा बी दुखंना. पोरीचं बघा," तू म्हणालीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षांची. ते मला अर्धवट सोडून तुझ्याकडे वळतील, या भीतीने मी म्हणाले, "तिचा हात पहिल्यापासूनच तसा हाय." डॉक्टरांना ते पटलं.

दुपारी तू हात पोटाशी धरून लिंबाखाली बसलीस. "लई दुखायलंय गं." डॉक्टर तोवर पुढच्या गावाला गेले होते. हाड वेडंवाकडं सांधलं. पुढे पत्र्याच्या शेडात तू थापलेली भाकर एका बाजूला जाडच राहायची. कॉलेजात असताना एकदा मी ताट सरकवून म्हणाले, "धड भाकर बी येईना का तुला?" तू तीच भाकर दुधात कुस्करलीस. "आता खा, जाड लागणार न्हाई." आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्या बाईचा हात मग बरा झाला का?" "झाला," म्हणाले आणि फळा पुसला.

हा कागद माझ्या नोट्समध्येच राहील. दरवर्षी हा धडा शिकवते, सगळा दोष त्या द्रव्यावर ढकलते आणि त्या बाईच्या पोरीबद्दल चकार शब्द काढत नाही. माय, मी डॉक्टरांना ते खोटं सांगत होते तेव्हा माझं डोकं तुझ्याच मांडीवर होतं.