अंगण फोडलं, बाबा

बाबा, रिसालीच्या घरात तुम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत ओतलेलं अंगणातलं सिमेंट मी फोडलं. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं असं वाटलं, म्हणून लिहिते. धाकट्याला फोनवर सांगितलं तर तो थेट तुमच्यासारखा खेकसला, "दीदी, हे कावून करून राहिली तू? बाबाने सिमेंट कायच्यासाठी टाकलं होतं, भूल गई क्या?" मी काही विसरले नाही.

रिसालीचं घर होण्याआधीची, मरोद्याच्या कंपनी क्वार्टरमधली ती संध्याकाळ लख्ख आठवते. मी शाळेतून डब्यात वालाचं रोप आणलंय, तुम्ही प्लांटमधून नुकतेच आला आहात. काही न विचारता तुम्ही डबा उचलता आणि कुंपणापलीकडे रिकामा करता. "मातीले हात नाही लावाचा. माह्या मायची जिंदगी मातीत गेली, अन् माती पाटलाची. तू फकस्त शिक." मी रडले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही निळी कंपासपेटी आणून दिलीत आणि त्या रोपाचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. मी शिकले, बँकेत खुर्चीवर बसते. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही, एवढं तरी मान्य करा.

सिमेंटखाली निघाली ती माती दगडासारखी होती, गांडूळ औषधालाही नव्हतं. फेकून द्या, नव्या मातीची ट्रॉली मागवा, असं सगळ्यांनी सांगितलं. मी ऐकलं नाही. वरची माती चाळली, उतईहून शेणखत आणलं, गल्लीतला पाला कुजवून मिसळला. खालचा मुरूम तांदळाच्या रिकाम्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरला आणि ते कट्टे विटांसारखे रचून वाफ्यांच्या भिंती केल्या. पहिली भिंत आडवी झाली, कारण मी कट्टे ठासून भरले होते, आणि फुगलेला कट्टा दुसऱ्यावर बसत नाही. मग थोडे रिकामे ठेवून शिवले, जमीन ठोकायच्या धुम्मसाने चोपून चपटे केले, उन्हाने फाटू नयेत म्हणून वरून लिंपले. आता भिंती उभ्या आहेत आणि वांगी लागली आहेत. "तुह्या बाबाले नसतं आवडलं," आई दारातून म्हणते, आणि भाजीपुरती वांगी तोडून आत जाते.

नसतं आवडलं, मला ठाऊक आहे. पाटलाच्या मातीवर तुम्ही थुंकून आलात, ते बरोबरच केलंत, त्याचा मला अभिमान आहे. पण ही माती पाटलाची नव्हती, बाबा. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावावर जमीन झाली, ती तुमच्या, आणि तुम्ही तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आजी पाटलाच्या मातीत राबली, त्याचा राग तुम्ही तुमच्याच जमिनीवर काढलात. मला ते पटलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. माझे हात मातीत आहेत ते माझ्या मर्जीने, कुणाच्या हुकमाने नाही, आणि त्याची लाज मी बाळगणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. नळाजवळ तुम्ही खुर्ची टाकून बसायचात, तेवढा तुकडा मी फोडलेला नाही. धाकट्याला सांगितलं, तिथून पाण्याची लाईन गेली आहे. लाईनबीन काही नाही.