सुरुवातीचा पीस

३ मार्च, सोमवार

कापला! गाण्याआधी वाजणारा अख्खा पीस कापला. बासरी, तिच्याखाली व्हायोलिनं, मग तालाची हलकी उचल. आठवडाभर खपत होतो त्यावर. बॉसनं डोळे मिटून ऐकलं, "झकास" म्हणाला. आणि डोळे उघडून — "पण हे नको. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, पहिल्याच क्षणाला आवाज पाहिजे. थेट मुखडा."

"गाणं सुरू व्हायच्या आधी थोडं तरी काही—"

"लोक थांबत नाहीत हो! मोबाइलवर बोट तयारच असतं. तुमची बासरी सुरात येईपर्यंत तिकडे दुसरं गाणं लागलेलं असतं."

बॉस म्हणजे आमचा संगीतकार. माझ्याहून बराच लहान. चाल त्याची, वाद्यं बसवायचं काम माझं. माणूस वाईट नाही, म्हणून तर भांडताही येत नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. खिडकीशी बसून नीट ऐकलं तिनं. मग म्हणाली, "बरोबर."

आता कोणाचं बरोबर? कंपनीचं की माझं? पण विचारून उपयोग नाही. मेंदूत गुठळी झाली, उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून हिच्याकडे एवढा एकच शब्द उरलाय. तहान लागली तरी बरोबर, पाय दुखला तरी बरोबर, माझा संताप आला तरी — बरोबर! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना सर्वांत जास्त वेळा जे म्हटलं असेल, तेच तेवढं मागे राहिलं असावं.

६ मार्च

वाचा-उपचार करणारी बाई आली होती. बाई कसली, आमच्या लेकीएवढी आहे. मी तिला मनात वाचाताई म्हणतो. कपाचं चित्र दाखवते, कंगव्याचं दाखवते. ही चित्राकडे बघते, ओठ जुळवते, कपाळावर घाम येतो. आणि शेवटी — बरोबर.

जाताना वाचाताई म्हणाली, "काका, गाणी लावत जा घरात. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी असते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, गाण्यातच हयात गेली माझी, मला काय सांगतेस! आणि एकदम लक्षात आलं — ही आजारी पडल्यापासून घरात गाणं लावलेलंच नाही मी. हिला त्रास होईल म्हणून. विचारलं होतं का तिला? नाही. विचारून तरी काय कळणार होतं.

८ मार्च, शनिवार



दुपारी गाणी लावली. आधी सध्या सगळीकडे वाजतात ती. लावलं की लगेच आवाज अंगावर. ही दचकायची, बघायची, तोवर ओळ पुढे गेलेली. धावत्या बसमागे पळणाऱ्या माणसासारखा तिचा चेहरा व्हायचा. दोन-तीन झाली. बंद करणार होतो.

मग ते जुनं नावेचं गाणं लावलं. आमच्या कॉलेजच्या संमेलनात ही समूहात गायची ते. त्याची सुरुवात चांगली ऐसपैस — आधी नुसती सतार, मग पाण्यासारखी व्हायोलिनं, मग सगळं थांबतं आणि एक छोटासा तबल्याचा तुकडा. मी स्वयंपाकघरात दूध गॅसवर ठेवत होतो. तबल्याचा तुकडा संपला आणि दोन आवाज आले. गायिकेचा — आणि हिचा!

शब्द! खरेखुरे शब्द! पहिली ओळ अख्खी, दुसरी अर्धी. सुरात. डावा हात मांडीवर ठेका धरून.

धावत बाहेर आलो. ती माझ्याकडे बघत होती, डोळे मोठ्ठे, म्हणजे जणू हे कोण गायलं असं मलाच विचारत होती. मग हसायला लागली. मग रडायला. मीही. दूध उतू गेलं.

९ मार्च

कालपासून दहादा लावलं ते गाणं. दर वेळी बरोबर जागेवर येते. मग एक खोडी केली — सुरुवात उडवून थेट मुखड्यापासून लावलं. तेच गाणं, तेच शब्द. नाही आलं! तोंड उघडून बसली. पुन्हा सुरुवातीपासून लावलं — आली.

म्हणजे शब्द आहेत आत. बाहेर पडायला आधी काहीतरी वाजावं लागतं.

गंमत म्हणजे हीच बाई मला आयुष्यभर चिडवत आली. "तुझं ते टँटँटँ संपलं की हाक मार, मी गाणं ऐकायला येते!"

११ मार्च

दिवसभर एकच विषय डोक्यात. गाणी सुरू कशी होतात?

काही गाणी नुसत्या आलापानं उघडतात — शब्द नाहीत, पण गाणारा कोण ते कळतं. काहींत आधी समूह येतो, ला-ला नाहीतर हो-हो करत, मागून मुख्य गाणारा. काही सरळ ध्रुवपदानंच सुरू होतात; ती आजची नाहीत, पूर्वीही होती, आणि त्यातली कित्येक मला जीव की प्राण आहेत. तेव्हा थेट मुखडा म्हणजे बुडालं सगळं, असं म्हणायला मला तोंड नाही. आणि लांबलचक पीस घालून गाण्याचा जीव काढणारेही आम्हीच! वादक जमलेत, तर वाजवून घ्या. गाणारा बिचारा माइकसमोर ताटकळत उभा.

पण मी आजवर धरून चाललो होतो की तो पीस ऐकणाऱ्यासाठी असतो. रेडिओवर वाजला की माणसं हात पुसत यायची — "आलं, आलं, ते आलं!" आता वाटतं, तो गाणाऱ्यासाठीही असेल. नुसतं उभं राहून एकदम सूर लावायचा, हे सोपं का आहे?

१४ मार्च

वाचाताईला सांगितलं. ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "मग काका, तुम्हीच करा! रोज लागणारी वाक्यं घ्या. लहान. बोलताना आवाज जसा वर-खाली होतो तशीच चाल. आणि आधी तुमचं ते वाजवा, काय म्हणता त्याला?"

"पीस."

"हां, पीस! डाव्या हातानं ठेका धरू दे त्यांना."

रात्रीपर्यंत न थांबता लगेच कीबोर्ड उघडला. "पाणी दे." "खिडकी उघड." "मला झोपायचंय." "इथे दुखतंय." एवढी छोटी गाणी उभ्या जन्मात केली नव्हती! पाण्याला चार सूर, उतरते. खिडकीला चढते. दुखण्याचं काही केल्या बसेना. गोड केलं तर खोटं, खालच्या सुरात केलं तर ही रडवेली होते.

१९ मार्च

"खिडकी उघड!"

उघडली. "खिडकी उघड!" उघडीच आहे गं. "खिडकी उघड!" नुसतं म्हणायची मजा घेत होती. शेवटी लावून घेतली आणि पुन्हा उघडली. चार-पाच वेळा. शेजारीणबाई गॅलरीतून बघत होत्या. बघू देत.

२३ मार्च

लेक आली होती दोन दिवस. आईनं तिला "पाणी दे" म्हणून दाखवलं, मी पीस वाजवला. लेक पदरात तोंड घालून रडली आणि मग म्हणाली, "बाबा, पण तुम्ही घरी नसाल तेव्हा?"

घरी काम करणाऱ्या मावशींना कीबोर्डचं बटण दाखवून ठेवलंय, म्हटलं. लेक काही बोलली नाही. तिचं न बोलणं आईवर गेलंय — म्हणजे पूर्वीच्या आईवर नव्हे. आत्ताच्या.

२६ मार्च, बुधवार

आज त्या पीस कापलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग. गाणारी पोरगी नवीन. गोड गळा, पण हात बर्फासारखे. कानात नुसती टिक्-टिक्-टिक् मोजणी, आणि तिनं शून्यातून मुखडा उचलायचा. सूर लागायचा, पण वर्गात हजेरी दिल्यासारखा. "पुन्हा." "पुन्हा." बॉसचा आवाज चढायला लागला. काचेपलीकडे पोरगीचे डोळे भरले.

मी ओळखलं तो चेहरा. घरी रोज बघतो.

बॉसला म्हटलं, "एक करू? माझा पीस तिच्या कानात सोडतो. फक्त तिच्या. गाणं झालं की काढून टाकू, कंपनीला हवं तसं."

"कापायचाच आहे तर वाजवायचा कशाला?"

"ऐका तर खरं."

सोडला. बासरी सुरू झाली तशी पोरगीचे खांदे खाली आले. तिनं डोळे मिटले. व्हायोलिनं आली, तिनं श्वास घेतला — आणि काय उचलला मुखडा! बॉस खुर्चीतून अर्धा उठला. एका दमात पूर्ण गाणं.

बाहेर आल्यावर पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, ते आधीचं किती छान आहे! ते राहणार ना?"

"नाही. ते तुझ्यापुरतं होतं," म्हटलं. आणि म्हणताना वाईट नाही वाटलं. आश्चर्य आहे.

२ एप्रिल

वाचाताई आज म्हणते — आता पीस कापा!

"थोडा थोडा. आधी अर्धा. मग दोन सूर. मग एक. मग काहीच नाही."

"अहो पण तिला लागतो तो! वाक्याच्या आधी थोडं तरी काही—" बोललो आणि आठवलं. हे मी महिन्याभरापूर्वी बॉसला म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

ती शांतपणे म्हणाली, "काका, त्यांना दुकानात काही मागायचं असेल, रस्त्यात कोणाला हाक मारायची असेल, तर तुम्ही कीबोर्ड घेऊन मागे फिरणार का?"

फिरेन, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही. पण खरंच फिरलो असतो.

५ एप्रिल

अर्ध्यावर आणला. पाणी आलं. खिडकी नाही आली. तीनदा केलं. चौथ्यांदा तिनं चमचा भिंतीवर फेकला. "बरोबर! बरोबर! बरोबर!" याचा अर्थ मला नीट कळला.

तिच्यासाठी पूर्ण पीस वाजवायला हात शिवशिवत होता. वाजवला नाही. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कापणारा व्हायचं म्हणजे काय ते आज समजलं. बॉसचीही थोडी दया आली.

८ एप्रिल

दोन सुरांवर "खिडकी उघड". आवाज कापरा. पण आला!

१२ एप्रिल

हल्ली पीस मी वाजवत नाही, तीच ठेका धरते. डाव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या हातावर — टक, टक — आणि मग शब्द. कीबोर्डवर मावशींनी इस्त्रीचे कपडे ठेवले होते. मी उचलले नाहीत.

मात्र एक गोष्ट खुपते. येतं ते बसवून दिलेलंच. त्यापलीकडे एक शब्द नाही. मी दिलेलं ती म्हणते, मी न दिलेलं तिच्यापाशी आहे की नाही, देव जाणे. वाचाताईला विचारलं. "काही जणांचं इथवरच येतं, काका," म्हणाली.

१५ एप्रिल

शेवटचं मिक्सिंग. पीस काढला, मीच काढला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. बासरी गेली, व्हायोलिनं गेली. उरला मुखडा आणि त्याच्याआधी पोरगीनं घेतलेला श्वास. कंपनीचा माणूस बसला होता. म्हणाला, "हा हुंकार का काय तो, हाही उडवा."

"हुंकार नाही, श्वास आहे."

"तेच ते. तेवढाच वेळ वाचेल."

मी काही बोलायच्या आत बॉस म्हणाला, "तो राहील." कंपनीच्या माणसानं खांदे उडवले. राहिला!

पुन्हा एकदा सुरुवातीपासून ऐकलं. श्वास — आणि आवाज. खरं सांगायचं तर माझ्या पिसापेक्षा बरं वाटलं. कोणाला सांगणार नाही. इथे लिहून ठेवतो.

१९ एप्रिल

सकाळी फिरायला न्यायचं म्हणून खाली बसून तिच्या उजव्या पायात बूट चढवत होतो. पाऊल जड, बूट जाईना. खोलीत काही वाजत नव्हतं, तिची बोटंही स्वस्थ. वरून आवाज आला — चाल नाही, सूर नाही, तिचा पूर्वीचा, रोजचा:

"दमलास ना रे?"

तिला बसवून दिलेली सगळी वाक्यं मागण्याची होती. हे मी केलेलं नाही.